काटे दोन, वजन एकाच गाडीचं

प्रश्न : नमस्कार भाऊ, आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजायला दोन वजनकाटे आहेत, पावत्यांचं सॉफ्टवेअर मीच सी शार्पमध्ये लिहिलं, काट्यावरून वजन वाचायची डीएलएल (प्रोग्रामला जोडायची तयार कोडची फाइल) काटेवाल्या कंपनीची आहे, सोर्स कोड देत नाहीत. जुन्या सिंगल कोअर पीसीवर सगळं बरोबर होतं. दिवाळीनंतर आठ कोअरचा नवा पीसी घेतला तर गर्दीच्या वेळी एका काट्याच्या पावतीवर दुसऱ्या काट्यावरच्या गाडीचं वजन येते, कधी प्रोग्रामच बंद पडते. कंपनीवाले म्हणतात तुमचा पीसी खराब आहे. प्रोग्राम एकाच कोअरवर बांधला तर जमते का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, पीसी बदलायच्या भानगडीत पडू नका, लक्षणं डीएलएलचीच आहेत. तिच्या आत वजन ठेवायला एकच बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, असावा. समजा पहिल्या काट्याच्या थ्रेडनं (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकानं) वजन मागितलं, डीएलएलनं बफरात 2450 लिहिलं, तुमचा कोड ते उचलणार तेवढ्यात दुसऱ्या कोअरवरच्या थ्रेडनं त्याच बफरात 1180 लिहून टाकलं, झालं, 2450 किलोच्या गाडीची पावती 1180 ची निघाली! जुन्या पीसीवर एका क्षणाला एकच थ्रेड चालायचा, म्हणून हा घोळ क्वचितच जमून आला असता, पण चूक तेव्हाही तिथंच होती. म्हणूनच एका कोअरवर बांधून त्रास कमी होईल, जाणार नाही, आणि शेतकऱ्याच्या वजनात "कमी होईल" चालत नाही.

आजच्या आज एवढं करा, डीएलएलच्या प्रत्येक कॉलभोवती लॉक लावा, म्हणजे एक थ्रेड आत असला की दुसरा बाहेर थांबतो, दोन्ही काट्यांसाठी एकच लॉक, आणि आकडा लॉकच्या आतच स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये कॉपी करा. कॉल आत आणि वाचणं बाहेर असं ठेवलं तर काही फायदा नाही, ही चूक फार जण करतात.

पण लॉकनं अर्धंच काम होते. डीएलएल आत अडकली तर लॉक धरून बसते आणि दोन्ही काटे बंद. थ्रेड जबरदस्तीनं मारला तर त्यानं धरलेलं तसंच अडकून राहते. म्हणून माझं ठाम मत, प्रत्येक काट्याला वेगळी छोटी एक्झी (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम) द्या, तिचा कॉम पोर्ट (काट्याची वायर जोडायची जागा) तिचाच, वजन मेन प्रोग्रामला नेम्ड पाइपवरून (दोन प्रोग्राममधल्या निरोपाच्या वाटेवरून) पाठवायचं. दोन प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या दोन प्रोग्रामची, मेमरी वेगळी, म्हणजे बफरची टक्कर आपोआप मिटते, आणि तीन सेकंदात उत्तर नाही आलं तर ती प्रोसेस मारून परत सुरू करायची, बाकी काम चालू राहते. 2008 मध्ये आलेल्या क्रोम ब्राउझरनं टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवले त्यामागंही हाच विचार होता, एक कोसळला तर बाकीचे वाचले पाहिजेत.

हंगाम संपला की काट्याच्या इंडिकेटरचं (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याचं) मॅन्युअल काढून बघा. बरेच इंडिकेटर सिरियल पोर्टवर वजन साध्या अक्षरांत पाठवतात, फॉरमॅट छापलेला असला तर ते तुम्हीच वाचू शकता, मग डीएलएल लागतच नाही. कंपनीला मात्र लेखी विचारा की डीएलएल दोन थ्रेडमधून एकदम वापरता येते का. एसक्यूलाइट या डेटाबेससारखी चांगली लायब्ररी (तयार कोड) कोणत्या मोडमध्ये काय चालते हे स्वतः लिहून देते, यांनीही द्यावं.

आणि नवा पीसी आल्यापासूनच्या पावत्या तपासा. एकाच मिनिटात दोन्ही काट्यांवर अगदी सारखं वजन दिसलं तर त्या पावत्या बाजूला काढा, रिकाम्या गाडीच्या वजनाशी ताडून बघा, आणि ज्या शेतकऱ्याचं वजन कमी लागलं असेल त्याला बोलावून फरकाचे पैसे द्यायला मालकाला सांगा.