वणव्यावर महाकाय विमान?

प्रश्न : गौताळ्याच्या डोंगरात उन्हाळ्यात वणवे लागतात. अमेरिकेत प्रचंड विमाने आगीवर लाल द्रव सोडतात, तशी आपल्याकडे का वापरू नयेत?
– एक वाचक, कन्नड

उत्तर : डीसी-१० या प्रवासी विमानापासून बनवलेले अग्निशमन विमान एका खेपेत सुमारे ३५,००० लिटर द्रव वाहून नेते, बोईंग ७४७ पासून बनवलेले तसेच विमान त्याच्या जवळपास दुप्पट नेत असे, पण खर्च न परवडल्याने ते २०२१ मध्ये बंद झाले. हा लाल द्रव मुख्यतः अमोनियम फॉस्फेटयुक्त, म्हणजे जवळजवळ खतच, असतो आणि तो बहुधा आगीवर नव्हे, तर आगीच्या वाटेवरील गवताझाडांवर पट्ट्यासारखा टाकतात. त्यामुळे आग मंदावते, विझत नाही. विझवायला माणसे जमिनीवर लागतातच. लांबलचक पट्टा एकाच फेरीत आखला जातो, हा या विमानांचा खरा फायदा. मात्र त्यांना लांब धावपट्टी आणि द्रव भरण्याचा तळ लागतो, अरुंद दरीत ती खाली उतरू शकत नाहीत, जोराच्या वाऱ्यात द्रव विखुरतो आणि तो ओढ्यात पडल्यास मासे मरतात.

गौताळ्याचे जंगल शुष्क पानझडीचे आहे; तेथील वणवा बहुतेक वेळा वाळलेल्या गवतातून व पाचोळ्यातून जमिनीलगत सरकतो. अशा आगीला वेळेवर काढलेली जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) आणि पाचोळा उडवणारे ब्लोअर घेतलेले वनमजूर अधिक उपयोगी पडतात. हवाई मदत लागलीच, तर जवळच्या तलावातून बादली भरणारे हेलिकॉप्टर आम्हांला अधिक व्यवहार्य वाटते.