बीपीटीएचला (फिजिओथेरपीच्या पदवीला) प्रवेश मिळालाय, पण माझं वजन जास्त आहे. जाड फिजिओथेरपिस्टकडे पेशंट येतात का? प्रॅक्टिकलला सगळे बघतील याची भीती वाटते.

येतात. पेशंटला स्वतःचा गुडघा वाकायला हवा असतो, तुझ्या कंबरेचं माप त्याला नको असतं. पण तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

आमच्या एका सरांची मॉडेल ठरलेली असायची. स्नायू दाखवायचे तर जिमला जाणारा मुलगा, चरबी दाखवायची तर मी. स्किनफोल्ड कॅलिपरच्या प्रॅक्टिकलला त्यांनी पडदा न ओढता दंडामागची, पाठीची, पोटाची चरबी चिमटीत धरून मोजली आणि प्रत्येक आकडा पूर्ण बॅचसमोर मोठ्याने वाचला. वर म्हणाले, "लोकांना व्यायाम सांगायचा तर आधी आपलं शरीर तसं दिसायला हवं." मुलं हसली. त्याच सत्रात हार्वर्ड स्टेप टेस्ट, म्हणजे दमाची चाचणी, झाली: मिनिटाला 30 च्या लयीत, सलग पाच मिनिटं पायरीवर चढ-उतार. मी ती पूर्ण केली, तो जिमवाला मधेच थांबला. ते आकडे कुणी वाचून दाखवले नाहीत.

त्यानंतर मी रात्रीचं जेवण सोडलं. पाळी अनियमित झाली, केस गळाले, वजन उतरलं आणि सरांनी कौतुक केलं. इंटर्नशिपला न्यूरो वॉर्डात अर्धांगवायूच्या पेशंटला बेडवरून व्हीलचेअरवर घ्यायची वेळ आली, तेव्हा मांड्यांत जोरच उरला नव्हता. सीनियर मॅडमनी मला नीट जेवायला लावलं, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट शिकवले. वजन परत आलं, ताकदही आली. आज धिप्पाड काकांचा पिव्हट ट्रान्सफर, म्हणजे उभं करून, वळवून खुर्चीत बसवणं, मी एकटी करते.

म्हणून सरांचं ते वाक्य मला साफ चुकीचं वाटतं. आपल्या कामाला मांड्या, पाठ, पकड आणि दिवसभर उभं राहायचा दम लागतो. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणं. त्यात स्नायू किती, चरबी किती हे कळतच नाही. आणि काटकुळ्या मुलांनाही 'तू काय पेशंट उचलणार' हे ऐकावं लागतं, तीही कुणी पावडरी खाऊन फुगायला लागतात. शरीर बघून फिजिओ ठरवणारे शिक्षक दोघांचंही नुकसान करतात.

वजनाकडे दुर्लक्ष कर असं मात्र मी म्हणत नाही. आपल्याकडे बीएमआय 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, कारण भारतीयांना कमी वजनातही पोटावर चरबी साठून मधुमेह गाठतो. कंबर 80 सेंमीच्या वर असेल तर शुगर तपासून घे, पाळीची तक्रार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम आत्ताच सुरू कर. पण हे सगळं तू आणि तुझे डॉक्टर, एवढ्यातच. बॅचला त्यातलं काही कळायची गरज नाही.

मॉडेल व्हायला नकार देता येतो. प्रॅक्टिकलच्या आधीच ते घेणाऱ्या मॅडमना किंवा सरांना भेटून सांग, "माझी मापं मुलींच्या ग्रुपमध्ये, पडद्यामागे घ्या, आकडे फक्त माझ्या जर्नलमध्ये लिहा." कुणी ऐकलं नाही तर लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे.