'दांगदुत'मधला 'दुत' कुठला?

प्रश्न असा आहे: इंडोनेशियात 'दांगदुत' नावाचं संगीत घरोघरी ऐकलं जातं. तिकडच्या भाषेत संस्कृत शब्द भरपूर आहेत, मग यातला 'दुत' म्हणजे आपला 'दूत' का? आणि मराठीत लिहायचं कसं: डांगडुट, दांगदूत की दांगदुत?

'दूत'शी त्याचं काही नातं नाही. हा नादावरून पडलेला शब्द आहे, आपल्या 'तुणतुण्या'सारखा. या गाण्यांचा ठेका 'गंदांग' नावाच्या वाद्यावर धरतात. तबल्यासारखीच ही जोडी असते. खुली थाप पडली की 'दांग', आणि डाव्या हाताच्या मनगटाने कातडं दाबत घिस्सा दिला की घुमारा वर सरकतो तो 'दुत'. तबला जवळून ऐकलेल्या माणसाला हे एकदा ऐकून पटेल.

तबल्याची आठवण होण्यामागे इतिहास आहे. 1950-60च्या दशकांत हिंदी चित्रपट इंडोनेशियात जोरात चालत. मलय वाद्यवृंदांनी त्या चाली आणि तो ठेका उचलला. 'दांगदुत' हे नाव मात्र 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हेटाळणीने पडलं. हे खालच्या वस्तीतलं ढॅण ढॅण संगीत, असं शहरी रॉकप्रेमींना सुचवायचं होतं. रोमा इरामा या गायकाने तोच शब्द उचलून आपल्या गाण्यात घातला. त्या गाण्याचं नाव 'तेराजाना', म्हणजे सरळ 'तेरा जाना'. आपल्याला हे शब्द 'अनाडी'तल्या (1959) लतादीदींच्या गाण्यातून ओळखीचे. रोमांचं गाणं स्वतःच सांगतं की हे भारतीय गाणं आहे, बासरी बांबूची आहे, गंदांगाचा आवाज 'दांगदुत' येतो आहे आणि गावंसं वाटतं आहे. ज्यांना हिणवलं त्यांनीच तो शब्द मानाने मिरवला, ही या शब्दाच्या चरित्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पुढे रोमांना लोक 'राजा दांगदुत' म्हणू लागले, आणि गायिका एल्वी सुकाएसिह झाल्या 'रातू', म्हणजे राणी.

शब्द तिथे चांगला रुजला आहे. दांगदुत गाणारा तो 'पदांगदुत'. दांगदुत लावून गाणं-नाचणं म्हणजे 'दांगदुतान'.

संस्कृत नातेवाईक शोधायचेच तर त्याच मनोरंजनाच्या दुनियेत दुसरीकडे पाहा. आवाज म्हणजे 'सुआरा' (स्वर), कथा म्हणजे 'चरिता' (चरित), आणि चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणजे 'सुत्रादारा'. आपल्याकडे सूत्रधार नांदी संपवून नाटकाकडे वळला. तिकडे तो चक्क कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला.

आता लेखन. 'डांगडुट' नको. इंडोनेशियन 'त' स्वच्छ दंत्य आहे, तिथे 'ट' चुकीचाच. 'द' उच्चारताना जीभ आपल्या 'द'पेक्षा थोडी मागे टेकते, पण 'ड'इतकी वळत नाही. म्हणून 'द' बरा. मधला 'ग' वेगळा ऐकू येत नाही, तो 'वाङ्मय'मधला 'ङ' आहे. काटेकोर लिहायचं तर 'दाङ्दुत', पण रोजच्या लिखाणात 'ङ' कोण टंकणार? 'दांगदुत' चालवून घ्यावं, फक्त बोलताना 'ग'वर जोर देऊ नये. मराठीच्या नियमाने अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ होतो, त्यामुळे 'दांगदूत' नियमाला धरून होईल. तरी मी ऱ्हस्वच लिहीन, कारण दीर्घ केला की वाचणाऱ्याला पुन्हा 'दूत' दिसतो आणि हाच प्रश्न परत येतो.

लिंग नपुंसक ठेवावं, 'संगीत' किंवा 'गाणं' मनात धरून: 'ते दांगदुत'. सामान्यरूप करू नये. 'जॅझचा ताल' म्हणतो तसंच 'दांगदुतचा ठेका'.