चौदा ठिकाणं, सहा दिवस

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. ईस्टरची सुट्टी सहा दिवसांची आणि जर्मनीतली ठिकाणं चौदा. नॉयश्वानस्टाइन, हायडेलबर्ग, रोथेनबुर्ग, कोखेम, एल्ट्स, ड्रेस्डेन... वर रकान्यांना रंगसुद्धा दिलेस! कौतुक वाटलं, पण हिशेब करून बघितला तर निम्मी सुट्टी तू स्टेशनांवर उभी राहून काढणार आहेस.

तुझ्यासारखीच स्टुटगार्टला होते तेव्हा पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. अल्बम भरला, पण त्यातला कुठला बुरुज कुठल्या गावचा हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. तेव्हा तुझ्या यादीवर लाल पेन फिरवते आहे, रागावू नकोस.

आधी एक सवय लावून घे. जर्मनीत काहीही ‘जुनं आणि सुंदर’ समोर आलं की विचारायचं, हे बांधलं कधी? नॉयश्वानस्टाइनचा किल्लाच घे. त्याचा पाया 1869 मध्ये घातला. म्हणजे आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन सोळा वर्षं झाली होती! बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला मध्ययुगाचं वेड. त्याने चित्रं काढून घेतली ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांककडून. आत नळाला पाणी, गरम हवेची सोय, नोकरांना बोलवायला विजेची घंटा. राजा तिथे जेमतेम 172 दिवस राहिला. जून 1886 मध्ये तो तळ्यात मृतावस्थेत सापडला आणि सात आठवड्यांत वाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला. आतली कित्येक दालनं आजही अपुरीच आहेत.

वाईट आहे असं नाही. डोंगर सुरेख आहेत, मारियनब्र्यूकं या पुलावरून दिसतो तो देखावा खरोखर थक्क करतो. पण किल्ला म्हणून जाशील तर फसशील. नेपथ्य म्हणून जा. आत अर्ध्या तासाची फेरी, ठरलेल्या मिनिटाला, फोटोला मनाई. ईस्टरच्या गर्दीत तर नकोच. यादीतून खोडला.

आता जे ठेवलं ते. बाखाराखला तीन रात्री राहा. ऱ्हाईनच्या काठावरचं छोटंसं गाव आहे. माइन्त्सहून कोब्लेन्त्सकडे जाणारी साधी रिजनल गाडी धर आणि डब्यात उजव्या हाताची खिडकी पकड, कारण नदी त्या बाजूला असते. बिंगेन मागे पडलं की दरी आवळत जाते. दोन्ही काठांना द्राक्षमळे इतक्या उभ्या चढावर आहेत की लोक तिथे काम कसं करतात हा प्रश्न पडतो. आणि दर दोन-तीन किलोमीटरला एक किल्ला. इतके किल्ले कशाला, हे समजायचं तर काउब गावासमोर नदीच्या मधोमध उभा असलेला फाल्त्सग्राफनस्टाइन बघ. पांढरा, जहाजाच्या नाळेसारखा टोकदार. हा चक्क जकात नाका! चौदाव्या शतकात बांधला आणि 1860च्या दशकापर्यंत वसुली चालू होती. नदीत साखळी टाकायची, नाव अडवायची, पैसे मोजून घ्यायचे. त्या दरीतल्या बऱ्याचशा शौर्याच्या गोष्टींच्या मुळाशी ही जकात आहे. त्याच वाटेवर लोरेलायचा कडा लागेल. 132 मीटरचा खडक आहे, बाकी सगळं लोकांनी त्याला चिकटवलेलं. खिडकीतून बघितलास तरी पुरे.

बाखाराखला मुक्काम कुठे करायचा, तर श्टालेक किल्ल्यात. खरंच सांगते, तिथे युथ हॉस्टेल आहे. सभासद व्हावं लागतं आणि ईस्टरला जागा भरतात, म्हणून आजच बघ. हा किल्ला फ्रेंचांनी 1689 मध्ये उडवला आणि विसाव्या शतकात पुन्हा उभा केला, हेही लक्षात ठेव. दिवसाचे पाहुणे संध्याकाळी बोटीने आणि गाडीने निघून जातात, मग गाव गावासारखं वागायला लागतं. त्यासाठीच तुला तिथे झोपायला सांगते आहे.

किल्ल्यावर चढताना पायऱ्यांच्या कडेला लाल दगडाचं बिनछपराचं देऊळ दिसेल, वेर्नरकापेलं. सगळे तिथे फोटो काढतात, इतकी ती भिंत देखणी आहे. तिची गोष्ट मात्र देखणी नाही. 1287 मध्ये वेर्नर नावाचा एक मुलगा मेलेला सापडला, त्याचा खून ज्यूंनी केला असा खोटा आळ घेतला गेला आणि या पट्ट्यात ज्यूंच्या कत्तली झाल्या. त्या आळावर जी यात्रा भरायला लागली, तिच्यासाठी हे देऊळ. फोटो काढ, पण हे माहीत असू दे.

तिथून एक दिवस एल्ट्सच्या किल्ल्यासाठी. कोब्लेन्त्सला गाडी बदलून मोझेलकेर्नला उतर आणि चालत जा, ओढ्याच्या कडेने रानातून पाचेक किलोमीटर. आपल्याला किल्ला म्हटलं की वर बघायची सवय. इथे तास-सव्वा तास काहीच दिसत नाही आणि एका वळणावर तो एकदम समोर येतो. तीन बाजूंनी ओढा, मधे खडक आणि खडकावर एकमेकांना रेटत उभी असलेली घरं. घरंच म्हणते, कारण तेराव्या शतकात भावाभावांत वाटण्या झाल्या आणि एकाच तटाच्या आत तीन शाखांनी आपापला मजल्यावर मजला चढवला. थोडक्यात, दगडात बांधलेली भाऊबंदकी. तरी साडेआठशे वर्षांहून जास्त काळ किल्ला त्याच घराण्याकडे आहे आणि तो कधी उद्ध्वस्त झाला नाही. त्या भागात ही फार मोठी गोष्ट. ट्रियरच्या आर्चबिशपने 1331 नंतर समोरच्या टेकाडावर शह देणारा छोटा किल्ला बांधून वेढा घातला होता. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला तसंच काहीसं. त्याचे अवशेष अजून झाडीत आहेत.

आत सरदारांच्या सभेच्या दालनात भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत आणि दारावर एक गुलाब कोरलाय. मुखवट्यांचा अर्थ, इथे मनातलं बोला. गुलाबाचा अर्थ, इथलं बोलणं या दाराबाहेर नेऊ नका. तीन चुलत घरांना हे भिंतीवर लिहून ठेवावं लागलं यातच सगळं आलं.

मी पहिल्यांदा गेले ती नोव्हेंबरात. किल्ला हिवाळ्यात बंद असतो हे बघण्याचं भान नव्हतं. बंद दारासमोर भिजत उभी राहिले, डब्यातला गार पराठा खाल्ला आणि आल्या वाटेने परतले. तू एप्रिलमध्ये जाते आहेस म्हणून दार उघडं मिळेल, तरी तारीख तपास.

शेवटची एक रात्र रोथेनबुर्गला दे. श्टाइनाखला छोटी गाडी बदलावी लागते. गाव चॉकलेटच्या डब्यावरच्या चित्रासारखं आहे आणि दुपारी असह्य गर्दी असते. सकाळी सातला उठून तटावर चढ. लाकडी छपराखालून दोन-अडीच किलोमीटर चालता येतं. चालताना भिंतीत बसवलेले दगड वाच. त्यांच्यावर माणसांची, गावांची नावं आणि मीटरचे आकडे आहेत. 31 मार्च 1945 ला अमेरिकन बॉम्बफेकीत जुन्या गावाचा सुमारे चाळीस टक्के भाग गेला. तट पुन्हा बांधायला जगभरातून पैसे आले. ज्याने दिले त्याच्या नावाचा दगड. मध्ययुगीन म्हणून आपण ज्याच्यावरून चालतो त्यातलं कितीतरी तुझ्या आजोबांपेक्षा लहान आहे. मला त्यामुळे ते गाव जास्त आवडतं. आणि हो, श्नेबाल नावाचा गोळा मिळतो. चिरोट्याची पापुद्री मुठीत चुरगाळून तळल्यासारखा. एकदा खा, दुसऱ्यांदा तू मागणार नाहीस.

क्वेडलिनबुर्ग हे गाव मात्र या सुट्टीत कोंबू नकोस, लांब पडतं. पण एकदा जाच. लाकडी चौकटीची 1300हून अधिक घरं तिथे आहेत. पूर्व जर्मनीच्या काळात जुना भाग पाडायचे बेत होते, पैशाअभावी राहून गेले. पडझड झालेल्या एखाद्या भिंतीशी जाऊन बघ. दोन लाकडांमधल्या चौकोनात काठ्या विणलेल्या आणि वर पेंढा घातलेल्या मातीचा लेप. आपला कुड! वोर्डगासे या गल्लीतलं चौदाव्या शतकातलं घर बघशील तर तिथे खांब जमिनीपासून थेट छपरापर्यंत एकसंध गेलेत. पुढच्या शतकांत प्रत्येक मजला वेगळा उभारायला लागले, म्हणून नंतरच्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर झुकलेले दिसतात. तुझ्या आजोळचा वाडा खणांत मोजायचे, आठवतं ना? मग हे तुला कोणी समजावायला नको.

पैशांचं. डॉइचलांडटिकेट, म्हणजे गाड्यांचा महिन्याचा पास, 2023 मध्ये 49 युरोंना निघालं, 2025 मध्ये 58 झालं. देशभरच्या साध्या गाड्यांना चालतं, आयसीई-आयसी या जलद गाड्यांना नाही. ते दर महिन्याला आपोआप चालू राहतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळव. स्टुटगार्टहून बाखाराखला साध्या गाड्यांनी निदान चार तास धर. शिवाय गुड फ्रायडेला, रविवारी आणि ईस्टर सोमवारी दुकानं बंद. गुरुवारीच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेव, नाहीतर तीन दिवस स्टेशनवरच्या प्रेट्झेलवर काढशील. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी वेगळ्या खिशात.

मोझेलकेर्नच्या रानात एप्रिलमध्ये अचानक लसणीचा वास येईल. ओढ्याकाठी हिरवी रुंद पानं असतात, बेअरलाउख, म्हणजे रानलसूण. तोडायचा मोह होईल, पण तशीच दिसणारी विषारी पानं शेजारी उगवतात. बाजारात जुडी मिळते ती घे आणि बटाट्यात घालून बघ.

श्टालेकची खोली मिळाली की कळव.

तुझी,
मावशी