आइस हॉकीपटू मिच मार्नरला टोरांटोच्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) संघाने वेळेत दुसऱ्या संघाला विकलं असतं तर जास्त मोबदला मिळाला असता का?

हो, पण ती वेळ 1 जुलै 2023 च्या आधीची होती. त्या दिवसापासून त्याच्या करारातलं कलम लागू झालं आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येईना. वर्षाला 1 कोटी 9 लाख डॉलर, म्हणजे 2024-25 च्या 8 कोटी 80 लाखांच्या पगारमर्यादेचा (संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून करायच्या खर्चाची मर्यादा) जवळपास आठवा हिस्सा एकट्या विंगरवर, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आक्रमकावर! एवढा पगार सामावून घेणारे संघ मुळात मोजकेच. त्यात निवडही खेळाडूच्या हाती गेली, की सौदा करायला उरतं काय? 2024-25 च्या हंगामात त्याने 102 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवले, तरी शेवटी त्याच्या बदल्यात वेगासच्या संघाकडून हाती आला तो फक्त निकोला रॉय हा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक. मार्नर वेगासला गेला, 8 वर्षांसाठी, दरवर्षी 1 कोटी 20 लाखांवर.

टोरांटोनेच 2015 मध्ये फिल केसल या विंगरला पिट्सबर्गला दिलं, तेव्हा त्याच्या पगारातले वर्षाला 12 लाख डॉलर स्वतःच भरायचं कबूल केलं. म्हणून कापानेन हा तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतली) पहिल्या फेरीची निवड मिळाली. मला तोच मार्ग पटतो: थोडा पगार सोसा, पण लवकर विका.