सोलापुरात समलैंगिकांच्या हक्कांसाठी काम सुरू करणाऱ्यासाठी

पार्क चौकात झेंडा घेऊन उभं राहायची तुझी घाई मला समजते, पण आधी एक नियम पक्का कर: कुणाचंही नाव, फोटो, कॉलेज त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये. आपल्या शहरात दोन ओळखींत बातमी घरी पोचते, आणि मग त्या पोराचं शिक्षण थांबतं, पोरीचं लग्न ठरतं. ग्रुप फोटोचा हट्ट तर अजिबात नको.

कायदा नीट वाच. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध वगळले. लग्नाचा हक्क मात्र 2023 च्या निकालातही मिळाला नाही. ‘उपचारा’ने लैंगिक कल बदलून देतो म्हणणारा डॉक्टर भेटलाच, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत, हे घरच्यांना शांतपणे सांग.

पत्रक फक्त मराठीत काढू नकोस. पूर्व भागात तेलुगू लागेल, शिवाय कन्नड आणि उर्दूही. भाषांतर त्या त्या घरातल्या मुलांकडूनच करून घे. आईला वाचता येईल असं लिहायला सांग.

जगाकडेही लक्ष हवं. 60हून अधिक देशांत हे संबंध अजून गुन्हा आहेत. युगांडाच्या 2023 च्या कायद्यात तर काही बाबतींत मृत्युदंड आहे. तिथल्या मुलांसाठी जरूर बोल, पण त्यांचे चेहरे पुढे पाठवू नकोस. 17 मे, म्हणजे समलैंगिकद्वेषाविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस, जवळ आला की ये, पत्रकाचा मसुदा आपण एकत्र बसून पाहू.