डर्बी, डार्बी आणि हरणांचं गाव

एका वाचकाचा प्रश्न आहे: वर्तमानपत्रात एका पानावर महालक्ष्मीच्या घोड्यांची डर्बी असते आणि दुसऱ्या पानावर मँचेस्टरच्या फुटबॉलची. दोन्हीकडे शब्द एकच कसा? उच्चार डर्बी की डार्बी? आणि भारत-पाकिस्तान सामन्याला 'महाडर्बी' म्हटलेलं चालतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो शब्द कानावर पडला की माझं डोकंच फिरतं. नाही, चालत नाही. डर्बी म्हणजे 'मोठा सामना' असा समज क्रीडासमालोचकांनी करून घेतला आहे आणि तो दर मोसमात आणखी पक्का होतो आहे. फुटबॉलमधल्या डर्बीत सामन्याच्या मोठेपणाचा संबंधच येत नाही. दोन्ही संघ एकाच शहरातले किंवा एकाच टापूतले असले पाहिजेत, एवढी एकच अट. चौथ्या श्रेणीतल्या दोन शेजारी क्लबांचा सामना ही डर्बी असते, विश्वचषकाची अंतिम लढत नसते. मग त्याला 'महा' लावून काय साधलं? भारत आणि पाकिस्तान शेजारी देश आहेत असा बचाव कोणी करेल. पण डर्बीत दोन्ही बाजूंचे लोक एकाच बसथांब्यावर उभे असतात, एकाच कचेरीत कामाला असतात, आणि लिव्हरपूलमध्ये तर एकाच घरात थोरला भाऊ लाल (लिव्हरपूल क्लबचा) आणि धाकटा निळा (एव्हर्टनचा) निघतो. आपल्याकडे यासाठी भावबंदकी हा नेमका शब्द आहे. ज्याला मराठीकरणाची हौस आहे त्याने 'भावबंदकीचा सामना' म्हणावं, डर्बीचा सगळा जीव त्यात येतो.

आता घोडे. शर्यतीची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात एप्सम हे गाव आहे. तिथल्या माळावर 4 मे 1780 रोजी तीन वर्षांच्या घोड्यांची एक शर्यत झाली. बारावे अर्ल ऑफ डर्बी (अर्ल हा तिथला सरदारकीचा किताब) आणि सर चार्ल्स बन्बरी यांनी शर्यतीला कोणाचं नाव द्यायचं यासाठी नाणेफेक केली आणि अर्ल जिंकले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, पहिली शर्यत मात्र बन्बरींच्या डायोमेड या घोड्यानेच मारली. सुरुवातीला एक मैलाची असलेली ही शर्यत 1784 पासून दीड मैलाची झाली. पुढे तिचं प्रस्थ इतकं वाढलं की एकोणिसाव्या शतकात डर्बीच्या दिवशी ब्रिटिश संसदेचं कामकाज तहकूब होत असे. 1913 साली एमिली डेव्हिसन ही स्त्री-मताधिकाराची कार्यकर्ती याच शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर आली आणि चार दिवसांनी गेली. वर्षानुवर्षं बुधवारी होणारी डर्बी 1995 पासून शनिवारी होते.

पुणेकरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. आगाखान पॅलेस बांधणारे तिसरे आगाखान यांच्या घोड्यांनी एप्समची डर्बी पाच वेळा जिंकली: 1930, 1935, 1936, 1948 आणि 1952. मधल्या 1934 साली राजपिपळ्याच्या महाराजांचा विंडसर लॅड पहिला आला. महालक्ष्मीवर 1943 साली इंडियन डर्बी सुरू झाली, ती अशा ओळखीच्या जमिनीवर. केंटकीच्या लोकांनी तर 1875 सालीच आपली डर्बी काढली होती. एप्समची शर्यत इतकी नावाजली की 'डर्बी' हे विशेषनाम राहिलंच नाही, कुठल्याही चुरशीच्या शर्यतीला ते लागू लागलं.

हा शब्द फुटबॉलमध्ये कसा शिरला, यावर मात्र वाटेल ते छापलं जातं. सर्वांत लोकप्रिय कथा अशी की इंग्लंडातल्या डर्बी शहरात लेंट (ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ) सुरू होण्याच्या आदल्या, म्हणजे श्रोव्ह, मंगळवारी सेंट पीटर्स आणि ऑल सेंट्स या दोन पॅरिशांमध्ये (चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांमध्ये) दांडगाईचा फुटबॉल चालायचा, त्यावरून शेजाऱ्यांच्या लढतीला 'डर्बी' म्हणू लागले. कथा ऐकायला झकास आहे, पण मला ती साफ अमान्य आहे. हा खेळ 1846 साली फौज आणून बंद पाडला गेला. शेजारी क्लबांच्या सामन्याला डर्बी म्हणण्याची रीत त्यानंतर कितीतरी वर्षांनी, क्लब आणि लीग जन्माला आल्यावर पडली. मधल्या काळाचा पूल कोणी बांधून दाखवत नाही. दुसरी कथा लिव्हरपूलच्या स्टॅन्ली पार्कची: बागेच्या एका अंगाला लिव्हरपूल क्लबचं मैदान अॅनफील्ड, दुसऱ्या अंगाला एव्हर्टनचं जुनं मैदान गुडिसन पार्क, आणि स्टॅन्ली हे अर्ल ऑफ डर्बी घराण्याचं आडनाव. नकाशावर रेघ ओढली की व्युत्पत्ती होत नाही.

माझा पुरावा शब्दातच आहे. जुना प्रयोग नुसता 'डर्बी' असा नाही, तो 'लोकल डर्बी' असा आहे. हे 'लोकल' कशाला लागलं असेल? 'डर्बी' या शब्दातच शेजारपणाचा अर्थ असता तर 'लोकल' म्हणणं म्हणजे 'गाईचं गोमूत्र' झालं असतं. ज्या लोकांच्या डोळ्यासमोर एप्समची खरी, साऱ्या देशाची डर्बी होती, त्यांनी आपल्या गल्लीतल्या चुरशीला 'आमची इथली डर्बी' म्हटलं. पुढे 'लोकल' गळून पडलं आणि त्याचा अर्थ मात्र डर्बीला चिकटला. इतकं सरळ आहे हे. तरी मंगळवारच्या फुटबॉलची कथा बिनदिक्कत छापली जाते, याचा मला राग येतो.

तो फुटबॉल मात्र बघण्यासारखा आहे. डर्बी शहरात तो संपला तरी त्याच परगण्यातल्या अॅशबोर्न गावात अजून चालतो, श्रोव्ह मंगळवारी आणि दुसऱ्या दिवशी अॅश वेन्स्डेला. गावातून हेन्मोर नावाचा ओढा वाहतो. उत्तरेला जन्मलेले अपर्ड्स, दक्षिणेला जन्मलेले डाउनर्ड्स. दोन गोलांमध्ये अंतर सुमारे तीन मैल, आणि गोल म्हणजे जाळी नव्हे, जात्याची तळी. तिच्यावर चेंडू तीनदा आपटला की गोल. चेंडू ओढ्यात पडला तर तरंगला पाहिजे, म्हणून त्यात बूच भरलेलं असतं, वरून चामडं आणि चामड्यावर चित्रं रंगवलेली. दुपारी दोनला एका चौथऱ्यावरून तो गर्दीत फेकतात आणि मग शेकडो माणसांचा वाफाळणारा घोळका चेंडूला घेरून इंचाइंचाने सरकतो. दुकानदार आधीच खिडक्यांना फळ्या ठोकून बसलेले असतात. 1928 साली तेव्हाच्या युवराजाने चेंडू फेकला, तेव्हापासून नावात 'रॉयल' आलं. (गोव्यातला कार्निव्हाल संपतो तो हाच मंगळवार. लेंटच्या उपासापूर्वी मनसोक्त हुंदडून घ्यायचं, हा हिशेब दोन्हीकडे सारखा.)

उच्चाराचं दोन ओळींत. इंग्लंडात शहर, परगणा, अर्ल, शर्यत, सामना, सगळंच डार्बी. अमेरिकेत डर्बी. इंग्रजीतला जुना 'एर' मध्ययुगाच्या शेवटीशेवटी बऱ्याच शब्दांत 'आर' झाला. काहींचं स्पेलिंग बदललं, काहींचं राहून गेलं. आपण कचेरीतल्या क्लार्कला क्लार्क म्हणतो आणि पोलिसातल्या सार्जंटला सार्जंट, तो हाच 'आर'. युनिव्हर्सिटीचं तुटून 'व्हार्सिटी' झालं तेही याच वाटेने. मराठीत मात्र डर्बी रुळलेलं आहे, तेच लिहावं. इंग्लंडातल्या शहराविषयी बोलताना डार्बी म्हणावं.

आता ज्यासाठी हा प्रश्न मी हातात घेतला, तिकडे येतो. डर्बी या गावाचं नाव डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या वायकिंगांनी, दिलेलं आहे. त्याआधी अँग्लो-सॅक्सन, म्हणजे तिथले जुने इंग्रज लोक त्याला नॉर्थवर्दिग म्हणत. नवव्या शतकात डेन आले, इथे राहिले, आणि दहाव्या शतकातला बखरकार एथेलवर्ड लिहून ठेवतो की डेन लोकांच्या भाषेत या गावाला 'देओराबी' म्हणतात. देओर म्हणजे आजचा इंग्रजी 'डिअर', बी म्हणजे वस्ती. हरणांचं गाव.

काही विद्वान हे नाव तिथल्या डर्वेंट नदीशी आणि नदीकाठच्या डर्व्हेंशियो या रोमन ठाण्याशी जोडतात. डर्वेंट हे केल्टिक नाव ओक झाडावरून आलेलं, आणि त्याचा धातू आपल्या दारु, देवदारु या शब्दांचा सख्खा. संस्कृत जाणणाऱ्याला याची भुरळ पडणार. तरीही एथेलवर्डची साक्ष इतकी स्वच्छ असताना ती बाजूला सारावी असं त्या मंडळींनी काहीच दाखवलेलं नाही. नदीच्या नावाने डेन लोकांच्या कानावर परिणाम केला असेल, इतपत मी मान्य करतो. शहराच्या मानचिन्हावर हरीण आहे हा पुरावाही मी मोजत नाही. मानचिन्हं नावावरून काढतात.

पण 'हरीण' हे भाषांतरही माझ्या मते अपुरं आहे, आणि खरी मौज इथे आहे. जुन्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कुठलंही जनावर. जर्मनीत 'टीअर' आणि डॅनिशमध्ये 'दूर' आजही प्राणी याच अर्थाने चालतात. इंग्रजीत मात्र तो शब्द आक्रसत आक्रसत एकट्या हरणावर येऊन थांबला. आता आपला मृग पाहा. ऋग्वेदात विष्णूला 'मृगो न भीमः' म्हटलं आहे, तिथे भयंकर असं रानटी श्वापद अभिप्रेत आहे, हरीण नव्हे. सिंह हा मृगेंद्र, माकड हे शाखामृग, शिकार ती मृगया. आणि मग मराठीत मृग म्हणजे हरीण. दोन्ही शब्दांचं नातं काहीही नाही, धातू वेगळे, पण आयुष्य एकसारखं जगले. मल्याळममध्ये मृग अजून 'प्राणी' आहे आणि प्राणिसंग्रहालयाला मृगशाला म्हणतात. जर्मनीत त्याच जागेला टीअरगार्टन. जवळजवळ तोच समास, फक्त शाळेच्या जागी बाग!

दोन्हीकडे हरणावरच का थांबलं? माझं मत असं की याला शिकारी कारण आहेत. राजे आणि सरदार ज्याच्यामागे घोडे घालत ते जनावर मुख्यतः हरीण, आणि 'जनावर मारलं' म्हटलं की कोणतं ते सांगावं लागत नसे. आजही कोकणात शिकारीच्या गप्पांत 'जनावर' म्हणजे डुक्कर की बिबट्या हे ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. हे मत धरलं तर देओराबी म्हणजे शिकारीचं जनावर जिथे मुबलक आहे ती वस्ती. अर्लच्या किताबातलं डर्बी हे शहर की पूर्वीच्या लँकेशायरमधलं वेस्ट डर्बी, यावरही वाद आहे. पण व्युत्पत्ती दोन्ही गावांची एकच, त्यामुळे आपलं काही अडत नाही.

उरला 'बी'. व्हिटबी, ग्रिम्सबी, सेल्बी, अशी शेकडो गावं डेन लोकांनी पेरली. हा बी 'राहणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आणि त्याचा मूळ धातू संस्कृत भू हाच. म्हणजे डर्बीतला बी आणि आपलं भवन एकाच घराण्यातले. इंग्रजी 'नेबर', म्हणजे शेजारी, त्याचा उत्तरार्धही तिथलाच.

आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांनो, तुमचे बायलॉज! त्यातला 'बाय' हाच गावाचा बी. गावाने स्वतःपुरते केलेले कायदे ते बायलॉ. पुढे इंग्रजांनाच त्याचा विसर पडला आणि बाय-इलेक्शनमधला दुय्यमपणाचा 'बाय' इथेही आहे असं वाटू लागलं. आपल्या शासकीय परिभाषाकारांनी तीच समजूत उचलून 'उपविधी' असा शब्द पाडला. पोटनिवडणुकीतलं 'पोट' बरोबर आहे, उपविधीतलं 'उप' चूक आहे. 'गावकीचे नियम' म्हटलं असतं तर अर्थही साधला असता आणि सभेला आलेल्या माणसाला तो कळलाही असता.

जाता जाता रग्बीचा बी. तो मात्र या यादीत घालू नका. 1086 च्या डूम्सडे या जमीनजुमल्याच्या नोंदीत ते गाव 'रोकेबेरी' आहे, म्हणजे शेवटी बहुतेक 'बर्ग', तटबंदीचं ठिकाण. आजूबाजूच्या डेन गावांची नावं ऐकून ऐकून लोकांनी त्याचाही बी करून टाकला.